इंद्रियांची साक्ष : ‘द स्टोरी ऑफ एडगर सॉटेल’मधील प्रतिमासृष्टी

‘द स्टोरी ऑफ एडगर सॉटेल’ ही डेव्हिड रॉब्लेस्की या अमेरिकी लेखकाची पहिली कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली. साडेपाचशेहून अधिक पानांची ही कथा उत्तर विस्कॉन्सिनमध्ये घडते. मेलन हे छोटे गाव, भोवती शवॉमेगनचे दाट जंगल आणि उत्तरेला समुद्रासारखे पसरलेले लेक सुपीरियर, असा हा मुलूख आहे. हिवाळा इथे लांबतो आणि बर्फात शेजारचे घरही दूर वाटते. गावाबाहेर सॉटेल कुटुंबाचे शेत आहे, पण त्यांचा खरा व्यवसाय कुत्र्यांची पैदास करण्याचा. आजोबा जॉन यांनी सुरू केलेले हे काम मुलगा गार आणि सून ट्रूडी पुढे चालवतात. वंशावळीच्या नोंदी गार ठेवतो, शिकवण्याचे काम ट्रूडी करते. सॉटेलांची कुत्री ठरावीक जातीची नाहीत. अंगकाठी किंवा रंग पाहून नव्हे, तर स्वभाव आणि समज पाहून त्यांचे जोड लावले जातात.

या घरात १९५८ साली एडगर जन्मतो. त्याला ऐकू येते, बुद्धी तल्लख आहे, पण कंठातून आवाज फुटत नाही आणि त्याचे कारण डॉक्टरांना सापडत नाही. तो हातांच्या खुणांनी बोलतो. त्याच्या जन्माआधीपासून घरात असलेली आल्मंडीन ही कुत्री त्याची पाठराखीण होते. पुढे गारचा धाकटा भाऊ क्लॉड घरी परततो, भावाभावांत बिनसते, गारचा अचानक मृत्यू होतो आणि क्लॉड हळूहळू ट्रूडीच्या आयुष्यात शिरतो. एडगरला संशय येतो, त्या संशयातून नवा अनर्थ घडतो आणि तो तीन कुत्र्यांसह जंगलात पळून जातो.

कथेचा हा सांगाडा शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा आहे. क्लॉड हा क्लॉडियस, ट्रूडी ही गर्ट्रूड, वृद्ध पशुवैद्य डॉक्टर पॅपिनो हा पोलोनियस आणि त्याचा मुलगा ग्लेन हा लेअर्टिस. ऑफिलियाची जागा आल्मंडीनला मिळाली आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने हे नाटक मराठीत आणले आणि गणपतराव जोशी यांनी रंगभूमीवर ती भूमिका गाजवली, त्यामुळे मराठी वाचकाला हा सांगाडा परका नाही. नेमका त्यामुळेच एक फरक त्याला चटकन जाणवतो. ‘हॅम्लेट’चा नायक अखंड बोलतो. स्वगते, कोट्या, उपहास, आरोप हीच त्याची हत्यारे. रॉब्लेस्कीच्या नायकाजवळ आवाजच नाही आणि त्याचे सोबती प्राणी आहेत. मनातले बोलून दाखवण्याची सोय नसल्यामुळे या कादंबरीत जे कळायचे ते डोळा, कान, नाक आणि त्वचा यांच्यामार्फत कळते. बोलण्यात पटाईत असलेला माणूस इथे खोटा आहे आणि न बोलणाऱ्यांना सत्य ठाऊक आहे. या कादंबरीतील इंद्रियप्रतिमांचे महत्त्व या रचनेत आहे. त्या कथेतल्या साक्षीदार आहेत.

इंद्रियप्रतिमा आणि प्राण्याचे शरीर

शब्दांच्या साहाय्याने इंद्रियानुभव जागा करणारी रचना म्हणजे इंद्रियप्रतिमा. शब्द, स्पर्श, रूप, रस आणि गंध हे पाच इंद्रियविषय भारतीय विचारात फार पूर्वीपासून मोजले गेले आहेत, आणि प्रतिमांचे वर्गीकरणही बहुधा त्याच पायावर होते. मात्र कागदावरच्या शब्दाला स्वतःचा वास नसतो. ‘ओला पेंढा’ हे दोन शब्द वाचकाच्या आठवणीतला वास उठवतात. ज्याने ओला पेंढा कधी हुंगला नाही त्याच्यासाठी ती प्रतिमा अर्धीच राहते. इंद्रियप्रतिमा अशी लेखकाचा शब्द आणि वाचकाची स्मृती या दोघांच्या भागीदारीत घडते.

अनुभव घेणारा जीव माणूस नसेल तेव्हा ही भागीदारी अडचणीत येते. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी सुमारे पन्नास ते साठ लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे. रंगांच्या बाबतीत मात्र कुत्रा मागे आहे. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असल्याने निळ्या आणि पिवळ्या छटा त्याला वेगळ्या दिसतात, तांबडे आणि हिरवे एकमेकांत मिसळते. उलट अंधुक प्रकाशात तो माणसापेक्षा बरे पाहतो, कारण त्याच्या डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा चकाकता थर आलेला प्रकाश परतवतो. दिव्याच्या झोतात कुत्र्याचे डोळे चमकतात ते या थरामुळे. जेकब फोन युक्सकुल या जीवशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले होते की प्रत्येक जीव आपल्या इंद्रियांनी रेखलेल्या जगात राहतो. एकाच अंगणात उभे असलेले मूल आणि कुत्रा या अर्थाने दोन वेगळ्या अंगणांत उभे असतात.

कुत्र्याच्या जगात शिरू पाहणाऱ्या लेखकापुढे म्हणून दोन मोह असतात. पहिला, कुत्र्याला माणसासारखे बोलते करण्याचा. दुसरा, वासांची यादी देऊन प्राणीशास्त्राचा पाठ लिहिण्याचा. व्हर्जिनिया वूल्फ यांनी ‘फ्लश’ (१९३३) या पुस्तकात कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या स्पॅनिअल कुत्र्याचे चरित्र लिहिले आणि लंडन व इटली ही दोन स्थळे त्याच्या नाकाने पाहण्याचा खेळकर प्रयोग केला. रॉब्लेस्कीचा मार्ग निराळा आहे. आल्मंडीनच्या प्रकरणांत तो वासांची गर्दी करत नाही. तिचा शोध, तिचे थांबणे आणि तिचे काळाचे भान यांतून तो तिचे जग उभे करतो, आणि संवेदना त्या शोधाच्या ओघात येतात.

श्रुती : आवाज आणि आवाजाचा अभाव

कादंबरीतील सर्वांत सूक्ष्म काम ध्वनीच्या प्रतिमांनी केले आहे. नायक मुका असल्यामुळे भोवतालचे आवाज अधिक ठळक होतात. कोठारात रांगेने बांधलेल्या खोपट्यांतली कुत्री, त्यांचे भुंकणे, गुरगुरणे, दाराला नखे घासणे, पेंढ्यात अंग टाकल्याची खसखस अशा ध्वनींनी घराची लय ठरते. ही लय बिघडली की काहीतरी बिनसले आहे हे माणसांच्या आधी ऐकणाऱ्याला समजते.

एडगरच्या तान्हेपणातला एक प्रसंग या दृष्टीने पायाभूत आहे. मूल आईजवळ झोपले आहे. ते जागे होऊन रडते, पण त्याच्या रडण्याला आवाज नाही. श्वासाचा जो पुसट खरखराट होतो तो दमून झोपलेल्या आईच्या कानापर्यंत पोचत नाही. आल्मंडीन तो ऐकते, हे रडणे आहे हे ओळखते आणि ट्रूडीला उठवते. घरात काहीतरी येणार आहे, घर तिच्यापासून काहीतरी दडवून ठेवत आहे, या जाणिवेने ती आधी खोल्याखोल्यांतून हिंडलेली असते. त्या शोधाचे उत्तर तिला या पुसट आवाजात सापडते. मूल आणि कुत्री यांचे पुढचे सगळे नाते या एका श्रवणप्रतिमेवर उभे आहे. तो बोलू शकत नाही आणि ती ऐकू शकते.

याच प्रतिमेचे भीषण उलटे रूप गारच्या मृत्यूच्या प्रसंगात येते. हिवाळ्याचा दिवस आहे, ट्रूडी घरी नाही, वडील कोठारात कोसळले आहेत. एडगर फोनकडे धावतो. पलीकडे माणूस आहे, प्रश्न विचारत आहे, मदत पाठवायला तयार आहे, आणि एडगरच्या तोंडून अक्षर फुटत नाही. यंत्रातून येणारा अनोळखी आवाज आणि त्यासमोर उघडलेले, रिकामे तोंड यांच्यापलीकडे लेखक या प्रसंगात शोकाचे फारसे वर्णन करत नाही. तान्हेपणी त्याचे मुके रडणे ऐकणारे कोणी जवळ होते. फोनच्या तारेला तसा कान नाही. दोन प्रसंग एकमेकांसमोर ठेवले की या ध्वनिप्रतिमा किती जाणीवपूर्वक विणल्या आहेत ते दिसते.

स्पर्श : हातांची भाषा

कादंबरीच्या तिसऱ्या भागाच्या शीर्षकातच हात काय करतात हा विषय आहे. हात एडगरची जीभ आहेत. त्याच्या खुणा काही शिकलेल्या, काही घरात घडलेल्या. त्यामुळे त्याचे प्रत्येक वाक्य वाचकापुढे हालचाल म्हणून येते आणि संवादालाही शरीर मिळते. अंधारात, किंवा हात भरलेले असताना तो अबोल होतो. ही मर्यादा कथेत अनेकदा निर्णायक ठरते.

याच हातांनी कुत्री शिकतात. ट्रूडीच्या प्रशिक्षणात हाताची खूण, पट्ट्याचा हलका ओढा, नजरेची पकड आणि नेमक्या क्षणी दिलेली शाबासकी यांना महत्त्व आहे. एडगरला आपल्या वाट्याची एका वेतातली सात पिल्ले मिळतात. त्यांना घासणे, कान आणि पंजे तपासणे, केसांतून बोटे फिरवणे अशा रोजच्या कामांची वर्णने लेखक सावकाश करतो. ही सावकाशी पुढे उपयोगी पडते. जंगलात टिंडर या कुत्र्याच्या पंजात काच घुसते तेव्हा त्या एका पंजाचे महत्त्व वाचकाला सांगावे लागत नाही, कारण एडगरबरोबर वाचकानेही तो पंजा आधी हातात धरलेला असतो.

स्पर्शाला ज्ञानाचेही रूप आहे. खेड्यातल्या दुकानातली आयडा पेन ही वृद्धा गिऱ्हाइकाचा हात धरून त्याच्याविषयी न सांगितलेले काही जाणते. विषाचा परिणामही स्पर्शानेच होतो. ‘हॅम्लेट’मध्ये विष कानात ओतले जाते. इथे ते सुईच्या टोकाएवढ्या संपर्कातून शरीरात जाते. जो हात कुत्र्याला कुरवाळतो, त्याच हातात सिरिंज असू शकते.

रूप : पावसातले वडील

दृश्यप्रतिमांमध्ये सर्वांत गाजलेली प्रतिमा पावसाची आहे. मृत वडील एडगरला दिसतात ते पांढऱ्या वस्त्रातले किंवा चिलखतातले भूत म्हणून नव्हे. रात्री मुसळधार पाऊस पडत आहे, आणि पडणाऱ्या थेंबांतच माणसाचा आकार उभा राहतो. वडील खुणांनी बोलतात. ‘हॅम्लेट’मधले भूत मुलाशी बोलते, इथे मुका मुलगा आणि देहहीन बाप एकाच हस्तभाषेत एकमेकांना समजतात. ती आकृती कुत्र्यांनाही जाणवते. त्यामुळे ही एका दुःखी मुलाची कल्पना आहे असे म्हणून वाचकाला सुटता येत नाही. इंद्रियांच्या साक्षीवर उभ्या असलेल्या कथेत ही साक्ष सर्वांत वजनदार ठरते.

पावसाची ही प्रतिमा कादंबरीच्या पहिल्या पानापासून पेरलेली आहे. पूर्वरंग १९५२ सालच्या दक्षिण कोरियातल्या पुसान शहरात घडतो. पावसाळी रात्री एक अनामिक माणूस अरुंद गल्लीतून एका वृद्ध वैदूकडे जातो आणि विष मिळवतो. त्या विषाचा प्रभाव गल्लीतल्या एका कुत्र्यावर दाखवला जातो. पाऊस, विष आणि कुत्रा ही कादंबरीची तीन मूळ चित्रे वाचकाला इथेच, सॉटेल कुटुंबाची ओळख होण्याआधी भेटतात. पुढे विस्कॉन्सिनमध्ये पाऊस पडू लागला की पुसानची ती ओली गल्ली पार्श्वभूमीला असते.

दृष्टीच्या प्रतिमांचा दुसरा धागा म्हणजे कुत्र्यांची नजर. सॉटेलांची कुत्री माणसाकडे टक लावून, जणू विचारून पाहतात. कुत्रा काय करतो यापेक्षा तो कसा निवड करतो याकडे जॉन सॉटेलच्या काळापासून लक्ष दिले गेले आहे. फोर्टे हा भटका कुत्रा मात्र दूर शेताच्या कडेला उभा असलेला, क्षणभर दिसून झाडीत नाहीसा होणारा असाच बहुधा भेटतो. घरातली कुत्री स्पर्शाच्या अंतरावर आहेत आणि फोर्टे नजरेच्या टोकावर. पाळीव आणि रानटी यांतला भेद लेखकाने अंतरानेच दाखवला आहे.

एडगर कुत्र्यांकडून जो खेळ बसवून घेतो तोही दृश्याच्या सामर्थ्यावर आधारलेला आहे. ‘हॅम्लेट’मधल्या नाटकातल्या नाटकाची ही आवृत्ती. एका कुत्र्याने तोंडात सिरिंज धरून दुसऱ्याला स्पर्श करायचा आणि त्याने खाली पडायचे. संवाद नाही, सूत्रधार नाही. गवताच्या माळ्यावर हा मूकाभिनय चालू असताना क्लॉडचा चेहरा काय सांगतो तेवढे पाहणे हा त्याचा हेतू.

गंध आणि रस

गंधाच्या प्रतिमा संख्येने अधिक, पण स्वरूपाने अबोल आहेत. कोठारातला पेंढा, ओले केस, नुकतीच जन्मलेली पिल्ले, दूध, लाकूड आणि औषधे यांचा मिळून जो वास होतो तो सॉटेलांच्या घराचा वास. माणसे त्याची दखल घेत नाहीत, कारण ती त्यातच राहतात. कुत्र्यांसाठी मात्र तो नोंदवही आहे. गार कपाटांत कागदी नोंदी ठेवतो आणि कुत्री हुंगून आपापल्या नोंदी ठेवतात. ज्ञान साठवण्याच्या या दोन रीती एकाच छपराखाली नांदतात, आणि कुठली टिकाऊ हा प्रश्न शेवटाकडे आपोआप उभा राहतो.

शवॉमेगनच्या भागात गंध आणि भूक एकत्र येतात. एडगर आणि त्याच्यासोबतची एसे, बाबू आणि टिंडर ही तीन कुत्री अनेक दिवस जंगलात काढतात, रिकाम्या सुट्टीच्या घरांतून अन्न उचलतात. रसप्रतिमांना पूर्ण कादंबरीत फारशी जागा नाही. भुकेल्या माणसाला चवीपेक्षा पोट भरण्याचे भान असते. कुत्र्याच्या बाबतीत चव ही गंधाचीच शेपटी आहे. डास, चिखल, ओली पाने आणि थंड पाणी यांतून मुलाचे शरीर हळूहळू कुत्र्यांच्या शरीरासारखे जगू लागते. सरोवराच्या काठावर पाण्याचे भोवरे आकाशाला भिडतात तेव्हा एसे त्यांना सामोरी उभी राहते. मालक आणि पाळलेले जनावर हे नाते इथपर्यंत पुष्कळ विरलेले असते.

याच काळात घरी राहिलेल्या आल्मंडीनचे शेवटचे प्रकरण येते. मुलगा कुठे गेला हे तिला कळत नाही. ती त्याच्या सवयीच्या जागा धुंडाळते आणि शेवटी रस्त्यावर जाते, येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांना त्याची वार्ता विचारावी या ओढीने. वाहन काय असते याची तिला माणसासारखी कल्पना नाही. ती ज्या तऱ्हेने त्याच्याकडे पाहते तेवढेच लेखक सांगतो आणि परिणाम वाचकावर सोडतो. इतर जीवाच्या इंद्रियांपुरतेच सांगण्याची शिस्त इथे पूर्णपणे पाळली आहे, आणि म्हणून हे प्रकरण हळवे न होता दुःसह होते.

मराठीत आणताना

अशा कादंबरीसमोर मराठीची बाजू काही ठिकाणी भक्कम आहे. हुंगणे, कान टवकारणे, कुईकुई करणे, केकाटणे, विव्हळणे, वेत, माळा, पेंढा ही शब्दसंपत्ती खेड्यातल्या अनुभवातून आलेली असून अजून जिवंत आहे. वासासाठी गंध, दर्प, दरवळ, घमघमाट यांसारख्या नामांबरोबर कुबट, करपट, मातकट, आंबूस, हिरवट अशी विशेषणे हाताशी आहेत. धोकाही इथेच आहे. रिमझिम, झिमझिम असे नादमधुर शब्द हाताला येतात तेव्हा पावसाला आपोआप श्रावणाचा सूर लागतो, आणि विस्कॉन्सिनच्या कोरड्या, थंड गद्याचा कस जातो.

कुत्र्यांची नावे ही दुसरी अडचण. एडगर पिल्लांसाठी शब्दकोशातून नावे निवडतो. एसे, टिंडर, ओपल, अंब्रा यांत प्रयत्न, ठिणगी धरणारे सरपण, रत्न, सावली असे अर्थ दडले आहेत आणि एसेच्या बाबतीत तो अर्थ तिच्या वागण्याशी जुळतो. नावे भाषांतरित केली तर स्थळ हरवते, तशीच ठेवली तर अर्थ हरवतो. बाबू हे नाव तेवढे मराठी कानाला घरचे वाटेल. जुन्या इंग्रजी शब्दकोशांत ते आपल्याकडच्याच ‘बाबू’चे रूप म्हणून येते.

शेवटची आग

अखेरच्या भागात एडगर घरी परततो आणि एकेक इंद्रिय निकामी होत जाते. ग्लेन पॅपिनो इथर घेऊन कोठारात येतो, झटापटीत त्याच्या डोळ्यांत कळीचा चुना जातो आणि तो आंधळा होतो. आग लागते. आंधळा ग्लेन ट्रूडीला घट्ट धरून ठेवतो, तिला सर्व दिसते पण हलता येत नाही. एडगर आजोबांच्या आणि वडिलांच्या नोंदी वाचवण्यासाठी जळत्या कोठारात ये-जा करतो आणि तिथेच क्लॉडच्या विषाला बळी पडतो. क्लॉड धुरात वाट हरवतो. कथेत कोणी कितीही बोलले, कितीही लपवले, तरी शेवटी प्रत्येकाला त्याचे शरीरच अडवते. पुसानच्या पावसातून निघालेली कथा धुरात संपते. पावसात आकार प्रकट झाला होता, धुरात आकार नाहीसे होतात.

उरतात ती कुत्री. आग, धूर आणि माणसांचा आक्रोश मागे टाकून ती एसेच्या पाठोपाठ रानाकडे निघतात. पुढे मोकळ्या शेताच्या कडेला फोर्टे उभा आहे, दुसरीकडे माणसांच्या वस्तीचे दिवे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कागदावर नोंदलेला तो गुण, निवड करण्याचा, आता कोणीही न नोंदता वापरला जातो. कोणत्या दिशेने जायचे हे एसे ठरवते, नाकाने आणि डोळ्यांनी.